बत्ताशीची डावी बाजू

घोड्यांबद्दल मला काहीही कळत नाही, हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवते. नंतर ते सगळ्या सारंगखेड्याने नोंदवले. पण आधी मी नोंदवले होते, एवढे श्रेय मला मिळावे.

मला कळते ते रसायनशास्त्र. शहाद्याच्या एका कॉलेजात मी ते एकतीस वर्षे शिकवले आणि निवृत्त होऊन भावाच्या घरी, वरच्या मजल्यावर राहायला आले. माझ्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक बरणीवर आतल्या वस्तूचे नाव आणि भरल्याची तारीख असते, आणि सगळ्या चिठ्ठ्या तळापासून बरोबर चार सेंटिमीटरवर असतात. शेजारच्या प्रतिभावहिनींकडे पाहुणे आले की त्या त्यांना ही बरण्यांची रांग दाखवायला आणतात. मी घरी नसले तरी आणतात.

याच कीर्तीमुळे माझा भाचा भाग्येश कार्तिकात एकदा जिना चढून वर आला. तो पुण्याच्या एका कंपनीसाठी घरूनच काम करतो. उरलेल्या वेळात दोन मित्रांबरोबर त्याने ‘टाप’ नावाचे ॲप काढायला घेतले होते. दत्तजयंतीला आमच्या गावची यात्रा भरते, घोड्यांचा बाजार भरतो. बाजारात येणारा घोडा गिऱ्हाइकाने आधीच मोबाइलवर बघावा, त्याचे वय, उंची, चाल वाचावी आणि मग यावे, अशी कल्पना.

“आत्या, आम्ही तिघंही डिझायनर आहोत,” तो म्हणाला.

“बरं.”

“तोच प्रॉब्लेम आहे.”

घोड्यांची यादी दाखवणारा पडदा ब्राह्मणपुरीचा नवनीत करत होता, एकेका घोड्याचे पान नंदुरबारची रुपा करत होती, आणि मालकाशी बोलण्याचा भाग भाग्येशकडे होता. तिघांनीही आपापले काम उत्तम केले होते. फक्त ते एका ॲपचे वाटत नव्हते. यादीतून पानावर गेले की आपण चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलो असे वाटे. नवनीतच्या बटणांचे कोपरे गोल, रुपाचे काटकोनी. नवनीतचे बटण म्हणे ‘पुढे’, रुपाचे म्हणे ‘पुढे जा’, आणि भाग्येशचे म्हणे ‘चला!’ उद्गारचिन्हासकट.

“तू मध्ये बस ना,” भाग्येश म्हणाला. “तुला यातलं काही कळत नाही, म्हणून तुझं सगळे ऐकतील.”

हे वाक्य मी त्या वेळी प्रशंसा म्हणून घेतले.

मी एक वही केली. तिच्यावर ‘सुसूत्रता’ असे लिहिले. तिन्ही भाग तपासून त्यांच्यातली विसंगती मोजली. ती एकेचाळीस ठिकाणी होती. मग दर रविवारी आमच्या माडीवर बैठक सुरू झाली. नवनीत मोटरसायकलवर येई, रुपा एसटीने. चहा मी करी आणि नियमही मीच करी.

“गोल कोपरे प्रेमळ वाटतात, मॅडम,” नवनीत म्हणे.

“घोडा विकायचाय, मांडीवर घ्यायचा नाही,” रुपा म्हणे.

कोपऱ्यांवर दोन रविवार गेले. शेवटी मी कंपास काढून कोपऱ्याची त्रिज्या ठरवली, जी दोघांनाही सारखीच नापसंत पडली. तटस्थ माणसाने याहून जास्त अपेक्षा करू नये. ‘पुढे’ या शब्दावर तर भाग्येश आणि नवनीत आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते, आणि त्यांचे निरोप रुपा पोचवत होती. तीही शब्द बदलून पोचवत होती, असे मला नंतर समजले. तरी नियम वाढत गेले. सोळा नियमांपर्यंत आम्ही आलो आणि सोळांपैकी एकही एकमताने झाला नव्हता.

याच दिवसांत मी हेमकांतआप्पांकडे गेले. हा भाग लिहिताना मला थांबावे लागते, पण तो लिहायलाच हवा.

आप्पा आमच्या पलीकडच्या गल्लीतले. वय शहात्तर. केळीची बाग पुतण्याकडे दिलेली, बायको वारलेली, आणि गुडघे असे की उठताना ते आधी देवाचे नाव घेत आणि मग भिंत धरत. यात्रा झाली की मुलीकडे सुरतेला कायमचे जायचे, हे ठरले होते. राहिली होती त्यांची घोडी. तपकिरी रंगाची, नऊ वर्षांची. मानेच्या डाव्या अंगाला बत्ताशाएवढा पांढरा ठिपका, त्यावरून तिचे नाव बत्ताशी. तिला ब्राह्मणपुरीचे भूपेंद्रभाई घेणार होते. दोन वर्षांपासून त्यांचे तसे बोलणे होते. ब्राह्मणपुरी आम्हाला जवळ. “सुरतथून उनू का एक फेरा तिकडे मारसू,” आप्पा म्हणत. त्यांना भाव नको होता, सुरतेहून आल्यावर तिला बघायचा तेवढा फेरा हवा होता.

म्हणजे बत्ताशीला ॲपची काहीच गरज नव्हती. गरज ॲपला होती. पहिल्या पानावर एखादी देखणी घोडी असावी, असे तिन्ही डिझायनरांचे मत होते, आणि मी म्हटले, मी आणते.

“आप्पा, फोटो टाकू का तिचा? भूपेंद्रभाईंच्या नातेवाइकांनाही दिसेल.”

“माले त्यातलं काही समजत नही, बेन. तू म्हनस ते टाक.”

भाग्येशने फोटो काढला. आप्पांनी घोडीची आयाळ विंचरली, स्वतः टोपी बदलून आले आणि मग फोटोतून बाजूला झाले.

आता सतरावा नियम.

यादीत घोड्यांचे फोटो एकाखाली एक येत होते. काही घोड्यांची तोंडे डावीकडे, काहींची उजवीकडे. नवनीतने आपल्या यादीत डावीकडे बघणारे वर घेतले होते, रुपाच्या पानावर उजवीकडे बघणारेच शोभत होते. त्या रविवारी प्रतिभावहिनी बरण्या दाखवायला पाहुणे घेऊन आल्या होत्या. त्यांनी लॅपटॉपमध्ये डोकावून पाहिले.

“काय हो चारुताई, एक घोडा अठे देखस, एक तठे देखस. जसं काय भांडन व्हयेल शे.” मग गंभीर होऊन म्हणाल्या, “मन्हा घरमा सात घोडास्ना फोटो शे ना, त्या सर्वास्ना तोंड एकच आंगे शेतस. तसंच पाहिजे. वास्तुवाला सांगी गयथा.”

वास्तूवर माझा विश्वास नाही. पण तोंडे एकाच दिशेला असावीत हे मला शास्त्रीयदृष्ट्याही पटले. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, तेव्हा घोड्यानेही उजवीकडे बघावे. मी लिहिले: नियम सतरा, सर्व घोडे उजव्या दिशेला तोंड करून असतील.

“पण अर्धे फोटो तर डावीकडचे आहेत,” भाग्येश म्हणाला.

“फ्लिप करू,” नवनीत म्हणाला. “एक बटण आहे.”

“मस्त,” रुपा म्हणाली.

आमचे पहिले एकमत होते ते. मी वहीत त्या नियमापुढे तारा काढला आणि सर्वांना चहाबरोबर शेव दिली.

तीनशे बारा फोटोंपैकी एकशे चौऱ्याऐंशी फोटो अकरा मिनिटांत उलटे झाले. फक्त रुपा एकदा म्हणाली, “मॅडम, या घोड्याच्या मागे चहाच्या टपरीची पाटी उलटी दिसतेय.” मी म्हटले, पार्श्वभूमी स्वच्छ असावी हा नववा नियम आहे, पाटी कापून टाक. तिने कापली. विज्ञानाच्या इतिहासात निरीक्षण समोर असताना ते कापून टाकणारे अनेक लोक होऊन गेले आहेत. त्यांना मी वर्गात हसत असे.

यात्रेच्या आठ दिवस आधी ‘टाप’ सुरू झाले. पडदा खरोखर देखणा दिसत होता. सगळे घोडे एका दिशेला, जणू आत्ताच कोणी शिट्टी वाजवली आहे. पहिल्याच पानावर बत्ताशी. माझ्या भावाने तीन वेळा उघडून पाहिले.

तिसऱ्या दिवशी भूपेंद्रभाई आप्पांच्या ओट्यावर येऊन बसले आणि बराच वेळ चपलेकडे बघत राहिले. मी तिथेच होते, ॲपचे कौतुक ऐकायला गेले होते.

“आप्पा, मन्हा मनमा काही नही,” ते म्हणाले. “पन माय आयकस नही.”

त्यांची आई फुलीबाई. वय ब्याऐंशी, घरातला शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी ॲपवरचा फोटो गुजरातेतल्या आपल्या भावाला पाठवला होता. तिकडून एकच प्रश्न आला: भोवरी कुठल्या अंगाला आहे?

भोवरी म्हणजे अंगावरचे केस जिथे गोल फिरून चक्र होते ती जागा. मला ती तोवर डोक्यावर असते एवढेच माहीत होते. आमच्याकडचे जुने घोडेवाले तिच्यावरून घोड्याचे अर्धे नशीब ठरवतात. बत्ताशीच्या त्या पांढऱ्या ठिपक्यात मधोमध भोवरी होती. मानेच्या डाव्या अंगाला भोवरी, तर दारात बरकत. तीच उजव्या अंगाला, म्हणजे इकडच्या बोलीत ‘जेवना आंगे’, असेल तर घरधन्याच्या जिवाला घोर.

“डावा आंगे शे ना रे तिले,” आप्पा म्हणाले. “दहा वेळा देखेल शे तू.”

“माले डावा आंगेच याद व्हतं,” भूपेंद्रभाईंनी मोबाइल पुढे केला. “पन हाई देखा.”

आप्पांनी चष्मा लावला. मोबाइल लांब धरला, जवळ धरला. मग हळूच म्हणाले, “हाई मन्ही बत्ताशी नही.”

“आप्पा, फोटो तिचाच आहे,” मी म्हटले.

“रंग तोच शे, शेपूट तीच शे. पन हाई ती नही, बेन. दुसरी कोनी शे.”

मी एकतीस वर्षे, दर वर्षी ऑगस्टमध्ये, वर्गापुढे दोन्ही हात वर करून उभी राहत असे. हे दोन हात सारखे दिसतात, मी सांगत असे, पण डाव्या हाताचा मोजा उजव्याला बसत नाही. काही रेणूही असेच असतात. एक औषध असते, आणि त्याचे आरशातले रूप पोटात गेले तर विष ठरू शकते. म्हणून आरशातल्या रूपाला मूळ वस्तू समजू नका. परीक्षेत हमखास येते. त्या ओट्यावर मी माझ्या दोन्ही हातांकडे पाहिले. एका हातात वही होती.

मी लगेच सगळे सांगितले. सतरावा नियम, बटण, एकशे चौऱ्याऐंशी घोडे. भूपेंद्रभाईंनी मान डोलावली, पण ती मान ब्राह्मणपुरीला जाऊन काय सांगणार होती हे मला तेव्हाच दिसायला हवे होते. घरी येऊन मी भाग्येशकडून सगळे फोटो सुलटे करून घेतले. चूक सापडली, दुरुस्त केली. शास्त्रात विषय इथे संपतो.

गावात तो इथे सुरू झाला. जुना फोटो लोकांनी मोबाइलमध्ये ठेवला होता. आता नवा आला. दोन्ही शेजारी शेजारी लावून ते एका गटातून दुसऱ्या गटात फिरू लागले. सोमवारी ठिपका उजवीकडे, गुरुवारी डावीकडे. घोड्यांच्या बाजारात ठिपके रंगवणारे आणि केस कातरून भोवऱ्या पाडणारे महाभाग पूर्वी होऊन गेले आहेत, म्हणे. तेव्हा लोकांनी जो निष्कर्ष काढला तो उपलब्ध पुराव्यावरून अगदी योग्य होता. हेमकांतआप्पांनी घोडी रंगवली.

आप्पांनी पन्नास वर्षांत कितीतरी घोडे दिले-घेतले होते आणि एकदाही कागद केला नव्हता. ‘आप्पानी सांगं’ एवढे पुरत असे. दोन दिवसांत ते पुरेनासे झाले.

“तुम्ही दाखला आणा,” प्रतिभावहिनींनी सल्ला दिला. “सरकारी कागद पाहिजे. शिक्का पाहिजे.”

मी दाखला आणायला निघाले. जनावरांच्या दवाखान्यातले साहेब शिबिराला गेले होते. दुसऱ्या दिवशी साहेब होते, पण छापील नमुना संपला होता. तिसऱ्या दिवशी दोन्ही होते. नमुन्यात ‘ओळखीच्या खुणा’ असा रकाना होता, दीड इंचाचा.

“साहेब, मानेच्या डाव्या बाजूला, म्हणजे घोडीच्या स्वतःच्या डाव्या, पाहणाऱ्याच्या नव्हे, पांढरा ठिपका, व्यास साधारण पाच सेंटिमीटर, आणि त्यात—”

“मॅडम, जागा बघा,” ते म्हणाले, आणि त्यांनी लिहिले: ‘ठिपका आहे.’ खाली शिक्का मारला.

तो कागद घेऊन मी फुलीबाईंकडे गेले. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. “खरी घोडीले कागद कसाले लागस, माय?” एवढेच विचारले. मग मला ताक दिले. ताक चांगले होते.

माझ्याकडे एकच मार्ग उरला, आणि तोच मी स्वीकारायला नको होता. तो मार्ग म्हणजे प्रयोग. ठिपका रंगाचा असेल तर स्पिरिटमध्ये उतरेल. उतरला नाही तर तो रंग नाही. सरळ, निर्विवाद. यात्रेच्या पहिल्या दिवशी सकाळी, सर्वांसमक्ष, मी कापूस आणि स्पिरिटची बाटली घेऊन घोडेबाजारात गेले. आप्पा नको म्हणत होते. “बेन, राहू दे. मन्हा घोडीले मी चार लोकसमा कधी पुसं नही.” मी त्यांना प्रयोगाचे महत्त्व समजावून सांगितले. ते घोडीच्या मानेवरून हात फिरवू लागले. मला वाटले, पटले.

लोक जमले. मी बाटलीवरची चिठ्ठी सर्वांना दाखवली, कापूस भिजवला आणि बत्ताशीच्या मानेला लावला. तो थंडगार लागताच ती अशी शहारली की माझ्या हातातली बाटली उडाली ती शेजारच्या फेटेवाल्याच्या मांडवात. माझा चष्मा कडब्यात गेला, आणि मागे सरकताना मी एका अनोळखी शिंगराच्या पाण्याच्या घमेल्यात बसले. ते शिंगरू माझ्याकडे जितक्या सभ्यपणे बघत होते तितके दुसरे कोणी बघत नव्हते. पण कापूस मी सोडला नव्हता. उठून तो वर धरला. पांढराशुभ्र. एक कणही रंग नाही.

“बघा,” मी म्हटले.

मागून कोणीतरी शांतपणे म्हणाले, “रंग नही शे ते मंग धवाले काबर लयनात?”

रंगच नाही, तर धुवायला आणली कशाला, या प्रश्नावर हसू पसरले. ते मला हसत असते तर मी सहन केले असते. ओल्या साडीत उभ्या असलेल्या निवृत्त बाईला हसण्यात गैर काही नाही. पण लोक आप्पांकडे बघत होते. आप्पांनी उपरण्याने बत्ताशीची मान पुसली, अगदी सावकाश, डावी बाजू, मग उजवीही, आणि दोर सोडून तिला घेऊन गेले.

यात्रा उठायच्या आदल्या दिवशी उत्तरेकडच्या एका व्यापाऱ्याने तिला घेतले. त्याने फोटो पाहिला नव्हता, ॲपचे नावही ऐकले नव्हते. त्याने तिचे दात पाहिले, पाय पाहिले, चालवून पाहिली आणि हो म्हटले. भोवरीचे त्याच्याकडे काही नव्हते. ट्रकमध्ये आधीच सात घोडे होते. आप्पा त्याला सांगत होते की ती वाजंत्र्याला बुजत नाही, फटाक्याला बुजते. पाणी शिळे पीत नाही. पुढचा पाय उचलताना आधी खांद्यावर हात ठेवायचा. तो “हाँ बाबा, हाँ बाबा” म्हणत फळी लावत होता. त्याला अहिराणी येत नव्हती हे माझ्या लक्षात आले. मी भाषांतर करायला पुढे होईपर्यंत ट्रक निघाला होता. त्याचा पत्ता कोणीच घेतला नव्हता. एकेचाळीस विसंगती मोजणाऱ्या बाईलाही ते सुचले नाही.

त्यानंतरच्या रविवारी तिघे डिझायनर माडीवर आले. मी वही उघडली नाही. रुपा म्हणाली, “प्रत्येक घोड्याचे दोन फोटो घेऊ, डावी बाजू आणि उजवी बाजू, आणि खाली तसं लिहू. मालकाला दाखवून मगच टाकू.” नवनीत म्हणाला, हो. भाग्येश म्हणाला, हो. पाच मिनिटांत झाले. चहाही व्हायचा होता.

आप्पा मंगळवारी सुरतेला निघाले. मी पिशवी धरून स्टँडपर्यंत गेले. मला माफी मागायची होती. वाक्य तयार होते, नेमके होते, त्यात कारण आणि परिणाम दोन्ही आले होते. तेवढ्यात त्यांच्या खिशातला मोबाइल वाजला. त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

“काय म्हनस हाई?”

‘टाप’चा निरोप होता. बत्ताशी विकली गेल्याची नोंद भाग्येशने केली होती, आणि ॲप आपल्या कामाला लागले होते. ‘तुमचा अनुभव कसा होता?’ खाली पाच रिकामे तारे, सगळे सारख्या अंतरावर.

मी वाचून दाखवले.

“यामा ती कोठे गयी ते दिखस का?” आप्पांनी विचारले.

“नाही, आप्पा.”

“बरं.” बस लागली होती. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि मोबाइल माझ्याकडेच ठेवला. “पाच दाब, बेन. पोरेसनी मेहनत करेल शे.”

मी पाच दाबले, आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला. माझे वाक्य तेवढे राहिले.